श्यामलाच्या फाटकासमोरचे चेंबर

सन २०११ च्या गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासात वाजता, कर्वेनगरातील आमच्या मधुवंती कॉलनीत श्रीमती श्यामला मेश्राम यांच्या फाटकासमोरील ड्रेनेज चेंबरचे झाकण जागेवर नसल्याचे निदर्शनास आले. निदर्शनास आणणारी मी. माझे घर समोरच आहे. झाकण लोखंडी होते, त्यामुळे ते कुठे गेले असेल हे सर्वांना ठाऊक होते. परत कधी येईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

श्यामलाचे फाटक अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, आणि फाटकाबाहेर पहिले पाऊल पडते ते चेंबरवरच. कॉलेजातली मुले अशा ठिकाणी उडी मारतात. श्यामला चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी. तिच्याकडे धुण्याभांड्याला येणारी हिरा तेवढी पदर खोचून रोज दोनदा उडी मारत असे.

आम्ही दोघींनी एकाच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे ट्रंक कॉल जोडले. एकोणऐंशी साली समोरासमोर घरे बांधली, तेव्हा कॉलनीच्या पलीकडे ज्वारी होती. झाकणे तेव्हाही चोरीला जात. मी मुकादम कोंडीरामला गाठून सांगत असे, "कोंडीराम, झाकण गेलं." तो म्हणे, "बघतो बाई." संध्याकाळपर्यंत झाकण बसलेले असे. ते कोणत्या गल्लीतून आणले, हे आम्ही विचारत नसू. त्याला आम्ही चांगला कारभार म्हणत असू.

आता शहर पुढे गेले होते. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा रोहन हिंजवडीत नोकरीला. तो म्हणाला, "आजी, मुकादम वगैरे विसरा. वेबसाइट आहे. दोन मिनिटांत टोकन नंबर येतो."

टोकन नंबर खरोखरच दोन मिनिटांत आला. चौथ्या दिवशी श्यामलाच्या मोबाइलवर संदेश आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. शेरा : स्थळपाहणी केली. चेंबर जागेवर आढळले.'

मी संतापले. श्यामला फाटकाच्या आतून म्हणाली, "अगं, खोटं काय आहे त्यात? चेंबर जागेवरच आहे. अडकलेय मी."

श्यामला मूळची नागपूरची. अर्ज करायचा तर नियम वाचून करावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, हे तिला वडिलांनी लहानपणीच शिकवले होते. वॉर्डाच्या एकाही सभेला ती कधी चुकली नाही. पाण्याच्या वेळा, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे, सगळे तिला तोंडपाठ. तिने पुन्हा लेखी अर्ज केला आणि तो घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले.

कनिष्ठ अभियंता वैजनाथ बिडवे फार नम्र गृहस्थ निघाले. त्यांनी खुर्ची दिली, संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "काकू, तुमचा प्रभाग यंदा फार चांगला चाललाय."

"चेंबर उघडं आहे."

"मी तेच म्हणतोय."

मग त्यांनी समजावून सांगितले. यंदापासून 'जागृत प्रभाग अभियान' सुरू झाले होते. नागरिक आपल्या परिसराच्या कामकाजात किती लक्ष घालतात, हे मोजायचे होते. खुल्या तक्रारीला पाच गुण. तिला पाठिंबा देणाऱ्या दर नागरिकामागे एक गुण. तक्रार मिटली की सगळे गुण शून्य, कारण तक्रार मिटल्यावर नागरिकाचे लक्ष उडते, असे सल्लागार कंपनीच्या पाहणीत आढळले होते.

"म्हणजे झाकण बसवलं तर आमचे गुण जाणार?"

"झाकण काय, केव्हाही बसवता येईल काकू. पण जागृती एकदा गेली की परत आणणं फार अवघड."

"आणि पहिला नंबर येऊन मिळणार काय?"

बिडवे उजळले. "विजेत्या प्रभागातली सर्व प्रलंबित कामं अग्रक्रमानं केली जातील."

हे मी कॉलनीत येऊन सांगितले, ही माझी पहिली चूक. सर्जेराव निंबाळकर हे सहकार खात्यातून सहनिबंधक म्हणून निवृत्त झालेले. वीस वर्षांत ते वॉर्डाच्या एकाही सभेला फिरकले नव्हते. आपल्याला राजकारण आवडत नाही, असे ते सांगत. पण गुण म्हटल्यावर त्यांच्यातला नागरिक खडबडून जागा झाला. त्याच संध्याकाळी 'मधुवंती जागरूक नागरिक मंच' स्थापन झाला. अध्यक्ष सर्जेराव. माझे अक्षर चांगले म्हणून चिटणीस मी. ही दुसरी चूक.

"चेंबर झाकलं जावं, हीच आपल्या सर्वांची इच्छा आहे," सर्जेराव म्हणाले. "त्यासाठी पहिला नंबर आला पाहिजे. आणि पहिल्या नंबरासाठी तोवर ते उघडं राहिलं पाहिजे. यात कोणाला काही अडचण?"

"आहे," फाटकाआडून श्यामला म्हणाली.

"श्यामलाताईंची अडचण नोंदवून घ्या," सर्जेरावांनी मला सांगितले. मी नोंदवून घेतली.

महिन्याभरात त्या एका तक्रारीला दोनशे बारा जणांचा पाठिंबा मिळाला. ज्यांना शेजाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते, त्यांना टोकन नंबर पाठ झाला. कॉलनीतील जी मुले परदेशी होती, त्यांनीही मातृभूमीचे ऋण फेडले. कॅलिफोर्नियाहून आनंदने कॉलनीच्या फेसबुक ग्रुपवर लिहिले, "व्हेरी शॉकिंग. आय ॲम विथ द चेंबर." आमचा प्रभाग एकतिसाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आला.

कोजागरीचे मसाला दूध मंचाने चेंबरभोवती खुर्च्या टाकून घेतले. श्यामलाचा पेला हिराच्या हातून पलीकडे पोचवण्यात आला. रविवारी निरनिराळ्या भागांतून अभ्यासगट येऊ लागले. सदाशिव पेठेतून आलेल्या एका गृहस्थांनी वाकून आत पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "बरं आहे. आमच्याकडचं याहून खोल आहे."

एकदा तर अनर्थच ओढवणार होता. पलीकडच्या गल्लीसाठी निघालेला एक टेम्पो वाट चुकून झाकणासकट आमच्याकडे आला. दोन कामगार झाकण उतरवू लागले. सर्जेराव पायजम्यावरच धावत आले.

"लेखी आदेश दाखवा."

"साहेब, झाकण हाय, चेंबर उघडं हाय. आदेश कशाला पायजे?"

"असंच चालतं म्हणून या देशाचं असं झालंय," सर्जेराव म्हणाले, आणि टेम्पो परत गेला. श्यामला आतून काठीने फाटक बडवत होती. तो आवाज मी इतिवृत्तात 'महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असा लिहिला. तसे लिहायला मला सांगण्यात आले होते, एवढेच म्हणते.

रोहनला मात्र राहवेना. त्याने एका शनिवारी कुठूनशी फळी आणून चेंबरवर टाकली. श्यामलाने काठी टेकवली, एक पाय बाहेर ठेवला, आणि तेवढ्यात मंचाचे दोन सदस्य हजर झाले. अभियानाचा नियम सात : नागरिकाने परस्पर सोय करून घेतल्यास तक्रार आपोआप मिटते.

"ताई, आपण एवढं सोसलंत, आता थोडक्यासाठी..." सर्जेराव अजिजीने म्हणाले.

"मी सोसलं. तुम्ही पाहिलंत."

"तेही सोपं नव्हतं, ताई."

फळी काढली गेली.

नोव्हेंबर लागला. निवृत्तिवेतनवाल्यांना या महिन्यात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचे सही करून सांगावे लागते. श्यामला जाऊ शकत नव्हती. मी बँकेत खेटे घातले, विनवण्या केल्या, तेव्हा तीस तारखेला दुपारी पावणेचारला निकिता नावाची एक तरुण अधिकारी एकुलता एक फॉर्म घेऊन आमच्या गल्लीत आली आणि चेंबरच्या काठावर येऊन थांबली.

"मॅडम, सही माझ्यासमोर व्हायला पाहिजे."

"मी तुझ्यासमोरच आहे गं," श्यामला पलीकडून म्हणाली.

"हो, पण मध्ये हे आहे ना."

हिरा त्या वेळी दुसऱ्या घरी कामाला गेलेली, म्हणून शेवटी श्यामलाने काठी पुढे केली. निकिताने कपड्यांच्या चिमट्याने फॉर्म काठीच्या टोकाला लावला. श्यामलाने फाटकावर धरून झोकदार सही केली, फॉर्म पुन्हा चिमट्यात लावला आणि काठी पलीकडे नेली. मध्यावर चिमटा सुटला. फॉर्म दोन गिरक्या घेऊन आत गेला.

तिघीही वाकून पाहत राहिलो.

"सही केलेली पाहिलीस ना तू?" मी विचारले.

"पाहिली ना, काकू. पण फॉर्म सबमिट नाही झाला."

आठवड्याने बँकेचे पत्र आले : 'आपण हयात असल्याचा पुरावा मुदतीत प्राप्त झालेला नाही.' मंचाने निषेध म्हणून ते पत्र ग्रुपवर टाकले. आम्ही तोवर पहिल्या क्रमांकावर पोचलो होतो. परिणामी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या क्रमांकावरच्या प्रभागाने हरकत घेतली. नियम अकरा : तक्रारदार हयात नसल्यास मूळ तक्रार रद्द, आणि तिच्यासोबत सर्व पाठिंबे रद्द. निकाल एकतीस डिसेंबरला होता.

चेंबरच्या काठावर तातडीची सभा भरली. इतकी गंभीर सभा कॉलनीने पाहिली नव्हती.

"श्यामलाताईंनी हयात असणं ही आता साऱ्या प्रभागाची गरज आहे," सर्जेरावांनी सुरुवात केली.

"इतके दिवस ती माझी घरगुती बाब होती का?" श्यामलाने विचारले.

चेंबर न झाकता तिला बाहेर कसे काढावे, यावर दीड तास चर्चा झाली. खुर्चीला दोर बांधावा, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने क्रेनचे भाडे विचारून ठेवले होते. अखेर सोपा मार्ग निघाला. 'श्रीमती श्यामला मेश्राम या हयात आहेत' असा ठराव मांडण्यात आला आणि एक्केचाळीस विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. एक सदस्य तटस्थ राहिले. त्यांना आधी कागदपत्रे पाहायची होती. बँकेने ठराव स्वीकारला नाही.

सभा पांगल्यावर श्यामलाने मला हाक मारली. इतिवृत्ताची प्रत तिने मागवून घेतली होती. "जया, अक्षर अजून सुंदर आहे हो तुझं," ती म्हणाली. "सगळं वाचलं. सगळ्यांची भाषणं आहेत. फक्त मी बाहेर पडल्याचं कुठं दिसलं नाही."

तीस वर्षे ती माझ्या शेजारच्या बोर्डावर बसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी आणि हिराने माझ्या मागच्या अंगणातली धुण्याची फरशी उचकटली आणि गोणपाटावर घालून ओढत रस्ता ओलांडला.

"बाई, हे आधी का नाय केलं?" हिराने धापा टाकत विचारले.

"त्याला मंजुरी नव्हती."

"आता हाय?"

"नाही."

"मग धरा तिकडनं."

फरशी चेंबरवर चपखल बसली. श्यामलाने काठीने ती दोनदा ठोकून पाहिली आणि बाहेर आली. बारा आठवड्यांनी. डोळे मिचकावत तिने दोन्हीकडे पाहिले आणि म्हणाली, "गल्लीतले दिवे दिवसा चालू आहेत. कोणी कळवलं का?" मग आम्ही रिक्षाने बँकेत गेलो. निकिताने नवा फॉर्म दिला, श्यामलाने सही केली, शिक्का बसला, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा हयात झाली. त्या आनंदात आम्ही एकेक कप कॉफी घेतली. ती माझी तिसरी चूक.

कारण इकडे मंचाला फरशी दिसली होती. जुनी तक्रार मिटल्यात जमा होती, गुण जाणार होते. कोणी रडकुंडीला आले, पण सर्जेरावांनी नियमावली उघडली. सार्वजनिक चेंबरवर विनापरवाना फरशी म्हणजे अतिक्रमण. आणि अतिक्रमणाच्या तक्रारीला पाच नव्हे, दहा गुण. चाळीस मिनिटांत दोनशे बारा जणांनी पाठिंबा दिला. कॅलिफोर्नियात तेव्हा मध्यरात्र होती, तरी आनंद जागा होता.

झाकणासाठी तीन महिने न आलेली गाडी फरशीसाठी दीड तासात आली. आमची रिक्षा गल्लीत वळली तेव्हा फरशी ट्रकवर चढत होती. श्यामला हातात हयातीचा दाखला घेऊन आपल्या घरासमोर उभी राहिली. या खेपेला ती बाहेर होती आणि घर आत.

तेव्हापासून ती माझ्याकडे राहते. सकाळी चहा घेताना खिडकीतून आपल्या जास्वंदीकडे पाहते. हिरा उडी मारून जाते आणि झाडांना पाणी घालून येते.

फरशी गेल्याने चेंबर पुन्हा उघडे पडले, जुनी तक्रार सगळ्या गुणांसकट पुन्हा खुली झाली आणि आमच्या प्रभागाचा पहिला नंबर आला. अग्रक्रमाच्या कामांची यादी लागली, तेव्हा मी पुन्हा बिडव्यांकडे गेले. यादीत चेंबर नव्हते.

"त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही ना, काकू," ते म्हणाले. "गैरसोय कोणाचीच नाही. मग कोणाचं काम करायचं?"

तेव्हा हे सगळे लिहून काढायचे मी ठरवले. वाटले, छापून आले की मंचाला लाज वाटेल. सर्जेरावांना कळले तसे ते लगबगीने घरी आले. मला वाटले, भांडतील. ते पेढे घेऊन आले होते.

"अवश्य लिहा. सगळं लिहा. माझं नावसुद्धा घाला. येत्या वर्षीपासून वाचकही धरणार आहेत. वाचून हळहळणाऱ्याला अर्धा गुण, हसणाऱ्याला पाव."

तेव्हा आपण इथवर आलात, याबद्दल मंच आभारी आहे. आपण हळहळलात की हसलात, ते कळवण्याची आवश्यकता नाही. सर्जेराव स्वतः भरून घेतील. आपले काम झाले. आता उठून आपल्या घरासमोर काय उघडे पडले आहे, ते पाहायला मात्र जाऊ नका. चुकून झाकाल.