कुंजेली अम्मच्चीची नात

मुलाखतीला बोलावलेली मुलगी वेळेआधीच हॉस्पिटलात पोचली, आणि मुलाखतीची वेळ झाली तेव्हा ती कुंजेली अम्मच्चीची नात झालेली होती. आमच्या त्रिशूरमध्ये असं होऊ शकतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण टिंटू बिचारी कट्टप्पनाच्या डोंगरातून उतरलेली. तिला कोण सांगणार?

नर्सिंग पास होऊन ती इथे आत्याकडे राहायला आली. ज्या हॉस्पिटलात जाई तिथे विचारत, "अनुभव आहे का?" तो कुठे मिळतो हे मात्र कुणी सांगेना. आता हे शेवटचं दार होतं. इथूनही नकार आला, तर परत डोंगर चढायचा आणि मामाच्या दुकानात जन्मभर वेलदोडे निवडत बसायचं.

ती मेट्रनच्या खोलीकडे निघाली, तेवढ्यात तातडीच्या विभागाच्या दारात एका म्हातारीने तिचं मनगट पकडलं. हीच ती कुंजेली अम्मच्ची, सगळ्या गावाची आजी. कमरेला पांढरंशुभ्र मुंडू, कानांत सोन्याची जड कडी आणि भात्यासारखी धाप.

"पोरी, या काउंटरवरच्या बाईला सांग की तू माझी आहेस."

"अम्मच्ची, पण मी तर..."

"सोबतीला माणूस नाही तर बेड नाही म्हणते ही!"

"मुलं कुठायत तुमची?"

"आहेत की तिघं! माझ्यापाशी बसायची पाळी कुणाची, यावरून भांडतायत. भांडण मिटेपर्यंत मी टिकायला नको?"

टिंटूने नाडी बघितली. नाडी कसली, उधळलेला घोडा. "हो, माझ्याच आहेत," ती बोलून गेली. "पाचच मिनिटं हं."

"ही कोण तुमची?" काउंटरवरच्या सिस्टरने विचारलं.

"नात!" अम्मच्ची इतक्या चटकन बोलली की धापसुद्धा जरा थांबली.

सिस्टरने टिंटूच्या गळ्यात सोबत्याचा पास अडकवला, आणि तिथेच टिंटूचं नर्सपण संपलं. रक्ताची नळी तपासायला पोचव, गोळ्या आण, गरम पाणी आण. अम्मच्चीला पेज हवी, पण कॅन्टीनची नको, चर्चसमोरची हवी, आणि पापड वेगळा बांधून, म्हणजे मऊ पडणार नाही. पाच मिनिटं इतकी लांबली की त्यात एखाद्याचं बारसं, लग्न उरकलं असतं.

मध्येच ती धावत मेट्रनच्या खोलीपाशी गेली. दारावर रखवालदार.

"गळ्यात पास आहे ना? सोबत्यांना इकडे मनाई आहे."

"अहो चेट्टा, दादा, मी मुलाखतीला आलेय!"

"परवा एक जण म्हणाला, मी सर्जन आहे. चला, वॉर्डात चला."

टिंटूने पास काढून पर्समध्ये टाकला.

"पास नाही? मग आत आलीसच कशी? चल, बाहेर हो!"

पास असेल तर वॉर्डात, नसेल तर रस्त्यावर. टिंटूने मुकाट्याने पास पुन्हा गळ्यात घातला आणि पेज भरवायला गेली.

शेवटी मेट्रन स्वतःच वॉर्डात अवतरल्या. फिलोमिना मॅडम म्हणजे अशी बाई, की तिची चाहूल लागली की पेशंटचा तापसुद्धा आपणहून खाली येई.

"आज एक पोरगी मुलाखतीला यायची होती. आलीच नाही. काय हल्लीच्या मुली!"

"मॅडम, ती मुलगी मीच!" टिंटू हातातला चमचा न ठेवताच म्हणाली.

"तू? तू तर या बाईंची नात आहेस. पेशंट वॉर्डात असेतो नातेवाइकाला नोकरी देत नाही आम्ही. माझाच नियम आहे."

"मी नात नाही हो यांची!"

"म्हणजे काउंटरवर खोटं बोललीस? खोटारडी नर्स तर मला मुळीच नको."

टिंटूला कळेना की आता नात असावं की नसावं. दोन्हीकडून वेलदोडेच दिसत होते.

तेवढ्यात थोरला लोनप्पन आणि मधला देवस्सी भांडत भांडत आत आले. मेट्रनने विचारलं, "ही तुमची कोण?"

लोनप्पनला वाटलं, ही देवस्सीने ठेवलेली होम नर्स. देवस्सीला वाटलं, लोनप्पनने ठेवलेली. "ओळखत नाही" म्हणावं तर आईपाशी बसायची पाळी आपल्यावरच यायची. दोघं एका सुरात म्हणाले, "आमचीच आहे की!" जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही अशा वेळी. मस्कतहून धाकट्या पोरिंजूने फोनवर तोंड दाखवलं. टिंटूला बघून त्याचे डोळेच पाणावले. "केवढी मोठी झाली गं! अगदी आमच्या अप्पनवर, बापावर गेलीय!"

"झालं?" मेट्रन म्हणाल्या. "आता तर तिघांनी सांगितलं. तू नात. नोकरी नाही."

टिंटूच्या डोळ्यांतून टपटप पेजेत पाणी पडायला लागलं.

"अगं, आधीच खारट आहे ती!" अम्मच्ची ओरडली. "कसली नोकरी?"

टिंटूने सगळं सांगितलं. डोंगर, आत्या, वेलदोडे. अम्मच्ची ताडकन उठून बसली.

"फिलोमिना, ऐक. हिला मी नातीच्या जागेवरून काढून टाकलं."

"असं काढता येत नाही, अम्मच्ची."

"का नाही? या दोघांना मी तीनदा काढलंय. विचार त्यांना."

मेट्रनने मागे वळून बघितलं. विचारणार कुणाला? भावांची एकी बाहेर रिक्षात बसायच्या गडबडीत होती.

"बरं, काढलं म्हणू या. मग तुमच्या सोबतीला कोण? माणसावाचून माझ्या वॉर्डात एक पेशंट राहणार नाही!"

"खरं आहे तुझं," अम्मच्ची मवाळपणे म्हणाली, आणि मेट्रनचं मनगट धरलं. त्याच वेळी डॉक्टर आत आले.

"या पेशंटचं कोण आहे?"

"ही काय, माझी लेक!" अम्मच्ची म्हणाली.

मेट्रनने तोंड उघडलं. लेक नाही म्हणावं, तर तिच्याच वॉर्डात बिनमाणसाचा पेशंट. लेक म्हणावं, तर नातेवाइकाला नोकरी नाही. नियम तर तिचाच. मनगट सुटेना. मेट्रनला घाम फुटला. तिने टिंटूकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाली, "टिंटू, लागलीस तू नोकरीला. आत्तापासून. आता काहीतरी कर!"

टिंटूने डोळे पुसले. पास काढून मेट्रनच्या गळ्यात घातला. केस नीट केले, अम्मच्चीची बोटं एकेक करून हलक्या हाताने सोडवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"डॉक्टरांचा राउंड आहे. सोबत्यांनी बाहेर बाकावर बसावं."

आणि तुमचा विश्वास बसो न बसो, फिलोमिना मॅडम निमूटपणे बाहेर जाऊन बाकावर बसल्या.