कबऱ्या घोड्यावरचं औषध

दलदलीतून जळणाची ढेकळं कापायचे दिवस आले आणि नेमके तेव्हाच फेलिमचे गुडघे धरले. ढेकळं वेळेत कापून वाळवली नाहीत, तर लायट्रिमच्या डोंगरात हिवाळाभर कुडकुडत बसावं लागतं. पण फेलिम रोज घाम काढून सांधे शेकायचं घामघर गाठायचा आणि तो दगडी घुमट तापवण्यासाठी उरलंसुरलं जळणही संपवायचा. त्याची बायको ओनोरा हिला पहिल्यापासून संशय होता.

"परवा नाचताना कुठे गेले होते हे गुडघे?"

"नाच पावलांनी करतात गं. गुडघ्यांचा काय संबंध?"

आज ती मागोमाग गेलीच. निखारे बाहेर ओढून, कपडे झुडपावर टाकून फेलिम आत सरपटला आणि त्याने दाराला गवताचं ढेकूळ लावलं. तिने दगडाला कान लावला. आत स्वारी मजेत शीळ घालत होती!

तेवढ्यात कबऱ्या घोड्यावरून चोरटी दारू पकडणारा साहेब आला.

"धूर कसला?"

"नवऱ्याचे गुडघे शेकतायत, साहेब."

"सगळे असंच सांगतात. भट्टी आत आहे ना?"

साहेबाने ढेकूळ सारून रांगत आत डोकं घातलं. अंधारात फेलिमच्या पोटरीला थंडगार मिशा लागल्या. किंकाळी फोडून त्याने साहेबाला बाहेर लोटलं, त्याच्या पाठीवरून उडी घेतली आणि चर ओलांडून थेट ओढ्यात पडला. हरणाने हेवा करावा अशी उडी होती ती.

"सापडलास!" ओनोरा ओरडली. "उद्या कुदळ घ्यायची!"

"अगं, भीतीने उडालो! दुखणं आहे तसंच आहे!" ओढ्यातून फक्त मुंडकं बोललं.

ओनोरा घोड्याकडे वळली. डोंगरातली जुनी समजूत अशी, की कबऱ्या घोड्याचा स्वार सांगेल ते औषध करावंच लागतं, तिथे कुणाचं काही चालत नाही. आणि सरकारी माणूस 'कामाला लाव' असंच सांगणार.

"साहेब, याच्या गुडघ्यांना औषध सांगा!"

साहेब स्वतःचे खरचटलेले गुडघे चोळत कण्हत होता. "गुडघ्यांना? पडून राहायचं. महिनाभर. काडी उचलायची नाही."

ओनोराने कपाळावर हात मारला. ओढ्यातलं मुंडकं मात्र फुललं. "ऐकलंस ना? मोडता येत नाही हं!"

साहेबाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "आणि महिनाभर दारूचा थेंब नाही."

मुंडकं घाईघाईने काठाकडे सरकलं.

"साहेब," फेलिम कपड्यांसाठी हात पुढे करत म्हणाला, "औषध आजाऱ्याला असतं. ओनोरा, कुदळ कुठे ठेवलीस?"