मावशीसाहेबांनीं घराणें दुसऱ्या ॲपांत नेण्याची मोहीम केली, तिची हकीकत

समस्त घराण्यास आणि घराण्याबाहेरील जाणत्यांस विदित व्हावें कीं, लढाई लहान म्हणून हकीकत लहान होत नाहीं; आणि कोण कोठें अडलें हें लिहून न ठेविलें, तर पुढील पिढी त्याच खड्ड्यांत त्याच पायानें उतरते. ऐसें मनांत आणून, जें घडलें तें, पदरचें मीठ न घालितां, लिहिलें आहे.

मावशीसाहेब म्हणजे कोण, तर इस्पितळाच्या टेलिफोन-खोलींत चौतीस वर्षें हेडफोन शिरीं धारण करून, लक्षावधी जोडण्या जोडून देऊन, मग सन्मानें निवृत्त जाहल्या, त्या. कोणाचें बोलणें कानीं घ्यावयाचें नाहीं हा त्यांचा नेम. परंतु कोण कोणास, किती वाजतां आणि किती वेळ, इतुकें समोरच्या बोर्डावरील दिव्यांवरून दिसे, आणि तेवढ्यावर त्यांनीं दोन लग्नें आणि एक राजीनामा आगाऊ ओळखिला होता. ऐसियास एके सकाळीं थोरल्या ॲपाचें, म्हणजे ज्यांत तमाम दुनिया नांदते आणि घराण्याचा एकतीस असामींचा ग्रुपही नांदतो त्याचें, फर्मान आलें कीं नवे नियम कबूल करणें. तमाम घराण्यानें न वाचतां अंगठा उमटविला. मावशीसाहेबांनीं मात्र भिंग घेऊन अकरा पानें वाचिलीं, आणि नवव्या पानावर निघालें कीं, तुमचें बोलणें आम्ही ऐकत नाहीं, परंतु कोण कोणास, किती वाजतां आणि किती वेळ, याची नोंद ठेवूं.

"म्हणजे सगळंच ठेवणार," इतकेंच मावशीसाहेब बोलल्या, आणि पुढ्यांतील चहा गार जाहला.

मग शोध करितां खुलें ॲप म्हणून एक ठाणें दृष्टीस आलें, ज्यास धनी कोणी नाहीं, ज्याच्या बांधणीचा नकाशा कोणीही पाहावा, आणि जेथें नोंद ठेवीत नाहींत. तें फोनांत घेऊन, नवा ग्रुप बांधून, मावशीसाहेबांनीं जुन्या ग्रुपावर खलिता रवाना केला कीं, समस्तांनीं सोमवारपावेतों कूच करून इकडे दाखल व्हावें. खलित्यास सतरा अंगठे आले. मावशीसाहेबांस वाटलें, फत्ते जाहली. सोमवारीं पाहतात तो ठाण्यांत चिटपांखरूं नाहीं.

मग टेलिफोनावरून एकेका सरदारास गांठिलें. बंधुराजे, दातांचे डॉक्टर आणि जुन्या ग्रुपाचे ॲडमिन, म्हणाले, "ताई, तुझं शंभर टक्के पटलं. सगळे आले की मी लगेच येतो." भाचीसाहेब, धाकट्या भगिनींची लेक, दिवस भरत आलेल्या, म्हणाल्या, "मावशी, सगळे गेले की मला सांग हं." याप्रमाणें हरएक सरदार नदीकांठीं सज्ज उभा राहून, दुसरा उतरल्यावर उतरूं म्हणता जाहला, लबाड कोणी नव्हता, भित्रा कोणी नव्हता, आणि पाणीही घोट्याएवढेंच होतें. शेवटीं घरचेच यजमान यांस पुसलें, तर त्यांनीं वर्तमानपत्रामागून विचारिलें, "माझा प्लंबर येणार आहे का तिकडे?"

एकुणांत तिघे आले. त्यांतील एक पासवर्ड विसरला, एकानें 'टेस्ट' ऐसें लिहिलें तो पुन्हा दिसला नाहीं, आणि तिसरे यजमान, ते जुलमानें आले आणि येतांच नव्या ग्रुपाचा आवाज बंद करून बसले. तेव्हां मावशीसाहेबांस क्रोध चढून, बोलावें एक आणि करावें दुसरें हें आपणांस शोभत नाहीं ऐसें म्हणून, त्यांनीं जुना ग्रुप सोडिला. अकरा दिवस त्या रित्या ठाण्यांत एकट्या राहिल्या आणि रोज सकाळीं 'सुप्रभात' लिहून आपणच वाचित्या जाहल्या.

बाराव्या दिवशीं यजमान दाढी करितां करितां म्हणाले, "अगं, मुलीचं नाव काय ठेवणार आहेत?"

"कोणाच्या मुलीचं?"

"भाचीच्या तुझ्या! परवा झाली ना. ग्रुपवर होतं की सगळं."

मावशीसाहेब तेथेंच स्टुलावर बसल्या. ज्या भाचीस त्यांनीं आपल्या कडेवर इस्पितळांतून घरीं आणिलें, तिची लेक दोन दिवसांची जाहली आणि यांस वार्ता नाहीं. रागवावें तरी कोणावर? लपविलें कोणीच नव्हतें; जेथें सगळे होते तेथें सांगितलें होतें. मग डोळे पुसून, मान खालीं घालून, बंधुराजांस अर्ज केला कीं मला परत घेणें. बंधुराजांनीं घेतलें आणि विचारिलें, "तू बाहेर होतीस? कधी?" मोहिमेंत लागलेल्या सर्व बाणांत हा खोल गेला.

ऐसी शिकस्त होऊन, खुलें ॲप फोनांतून काढावें या मनसुब्यांत असतां, थोरल्या भगिनी अक्कासाहेब, वय एकोणऐंशी, यांचा फोन आला.

"बाळाचा फोटो सापडेना गं. वर एकशे चाळीस अभिनंदनं येऊन पडलीत. दिवसभर नुसतं टुणटुण. तू ते दुसरं काढलं होतंस ना, त्यात कोण कोण आहे?"

मावशीसाहेब लाजून म्हणाल्या, "कोणी नाही गं अक्का. मीच आहे."

"मग तेच घाल माझ्या फोनात."

तेव्हां मावशीसाहेब तत्काळ स्वार होऊन, दोन बस बदलून, अक्कासाहेबांचे घरीं दाखल जाहल्या. आणि पासवर्ड तीन वेळां चुकून चौथ्यानें लागला. बाळाचा फोटो त्यांतून पाठविला, तो अक्कासाहेबांनीं दोन बोटांनीं मोठा करून बहुत वेळ पाहिला. मग त्याच सोफ्यावर, एक हाताच्या अंतरावर बसून, अक्कासाहेबांनीं लिहिलें, 'नाक तुझं आहे.' मावशीसाहेबांनींही तोंडानें न बोलतां लिहून उत्तर केलें, 'तुझं.'

सबब नोंद करण्यांत येते कीं, एकतीसही असामी, मावशीसाहेब आणि अक्कासाहेब धरून, थोरल्या ॲपांत सुखरूप आहेत. आवाज बंद केलेले यजमान वगळितां खुल्या ठाण्याची शिबंदी दोन, दोघीही हजर. ठाणें पडलें नाहीं. फत्ते जाहली. लिहिणाराचें लिहिणें येथें संपलें, त्या दोघींचें चालू आहे.