काउलीच्या अंगणाचा कबजा

राजे गेले, राज्ये बुडाली, त्यांच्या बखरी मात्र राहिल्या. परंतु ज्या मोटारींनी विलायतेच्या घरोघरची बायकापोरे, कुत्री, तंबू आणि सासवा इमानेइतबारे वाहिल्या, त्यांची याद कोणी राखिली नाही. आज त्या मोटारी रस्त्यात धुंडून सापडत नाहीत. बहुतेक मातीस मिळाल्या, काही चार शौकिनांनी पदरी बाळगिल्या. ते शौकीन त्यांस पुसूनपासून उन्हात उभ्या करितात आणि जाणारा येणारा थबकून म्हणतो, "अगं बघ, आपल्याकडे होती की ही!" सबब शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, आश्विनमासी एके रविवारी विलायतेतील काउली मुक्कामी जे वर्तमान जाहले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे.

ते समयी काउलीस राजमान्य राजश्री विल्फ्रेड ट्रांटर नामे मातबर गृहस्थ नांदत होते. मोटारींच्या कारखान्यात दारे बसवावी हा त्यांचा पेशा. हात बहुत सफाईचा, स्वभाव बहुत करारी. खाशांचे स्वारीस त्याच कारखान्याची मायस्ट्रो, पाच दारांची हॅचबॅक, रंग दूध अंमळ जास्त जाहलेल्या चहाचा. त्याच जातीच्या महागड्या मोटारीत बाईमाणसाचा आवाज बसविलेला असे, तो पट्टा बांधा ऐसे फर्मावी. विल्फरावांनी ती घेतली नाही. कारण पुसता म्हणाले, "बोलणारी एक घरात आहे. आणखी कशाला?" त्यावर त्यांचे कुटुंब बेरिलबाई म्हणाल्या, "तिचं तरी ऐकतोस का कधी?" आणि तो विषय तहकूब जाहला.

त्यांचे जामात रॉय हॅडली, शाळांस खडू आणि काळे फळे विकीत गावोगाव फिरणारे, गरीब स्वभावाचे. त्यांचे हातून एक आगळीक घडली. आदले वर्षी त्यांनी मोटार खरेदी केली ती जपानी. तीही हॅचबॅक, तांबडी, आंत रेडिओ फुकट. ती घेऊन कन्या जॅनिससह प्रथम भोजनास आले तो विल्फराव दारात आडवे उभे राहिले, आणि हुकूम जाहला की या अंगणात ही चाके लागणार नाहीत. अंगण ते केवढे, एका मोटारीपुरते. परंतु इभ्रतीस लांबीरुंदी नसते. कारखान्यात पाळ्या कमी होत होत्या, शेजारचे दोघे घरी बसले होते, आणि विल्फरावांचे मते एकेक परकी मोटार म्हणजे एकेका शेजाऱ्याचा घास. तेव्हापासून रॉयरावांनी रस्त्याचे कोपऱ्यापलीकडे, टपालाचे तांबडे पेटीपाशी मोटार उभी करावी आणि वारापावसांतून चालत यावे. जॅनिसचे हाती ट्रायफल नामे गोडाचे भांडे, रॉयरावांचे मनी बोच. परंतु सासऱ्यासमोर बोलण्याची छाती नाही. मुकाट यावे, भाजलेले मांस आणि यॉर्कशायर पुडिंग खावे, मुकाट जावे.

ऐसे चालले असता त्या रविवारी नवल वर्तले. चर्चच्या दिवाणखान्यात सोडत निघाली, आणि बेरिलबाईंस प्रथम इनाम लागले ते ऑर्गन. घरगुती, विजेवर वाजणारा, पट्ट्यांच्या दोन ओळी, रुंबा आणि वॉल्ट्झ या नाचांच्या तालांची कळ वेगळाली, देह हत्तीच्या पिलाएवढा. बाईंनी लहानपणी वाजविणे शिकून संसारात सोडून दिले होते. त्या उभ्या उभ्या एक बोट पट्टीवर ठेवून हसल्या, ते हसू रॉयरावांनी पाहिले. इतक्यात पाद्रीबाबांनी वर्दी दिली की पाच वाजता येथे जूडोची शिकवणी बसते, तत्पूर्वी हा ऐवज हलवावा, न हलविल्यास दुसऱ्या इनामवाल्यास द्यावा लागेल. दुसरा इनामवाला कोपऱ्यात फळांचे टोपले धरून टपलेलाच होता.

मग मसलत बसली.

"माझ्यात मावेल," विल्फराव म्हणाले.

"नाही मावणार, बाबा," जॅनिस म्हणाली. "रॉयच्या गाडीत बघूया का?"

"त्या डब्यात? त्यात धड सँडविच नाही मावत."

रॉयराव हळूच म्हणाले, "मोजून तरी बघू, विल्फ."

"मोजायचंय काय? मायस्ट्रो आहे ती!"

मग विल्फरावांनी मोटारीचे मागील दार वर उचलिले, मागील आसने दुमडली, डावे बाजूचे पुढील आसन रेटून अगदी नाकाशी नेले, आणि आंत ऐसे मैदान जाहले की चार माणसे पत्ते कुटीत बसती. जूडोचे चार गडी पांढऱ्या अंगरख्यांनिशी कुमकेस आले. ऑर्गन उचलिला, आडवा केला, तिरका केला, एकदा बाहेर काढिला, पुन्हा घातला आणि विल्फराव आंतून ओढीत, रॉयराव बाहेरून लोटीत, ऐसा निकराचा प्रसंग होऊन शेवटी ऑर्गन आंत गेला. हातभर शेपूट बाहेर राहिले. त्यावर दार टेकवून कपडे वाळत घालावयाच्या दोरीने जखडिले. विल्फरावांनी मोटारीच्या टपावर थाप मारिली आणि जामाताकडे ऐसे पाहिले की जैसे दिल्लीच घेतली.

"काय? मावला की नाही?"

"मावला," रॉयराव म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. कारण मोटार खरोखरच ऐसपैस होती.

"पण मी कुठं बसू?" बेरिलबाईंनी विचारिले.

विल्फरावांनी आंत पाहिले. आंत सारथ्यावाचून माणसाचे बूडही टेकेल ऐसी जागा नव्हती. या विजयात ही गोम होती, ती कोणाचे ध्यानी आली नव्हती. पाऊस सुरू जाहला. विल्फराव बराच वेळ आभाळाकडे पाहात राहिले, मग बोलले, "रॉयबरोबर जा. टपालाच्या पेटीपाशी उतर."

बेरिलबाई तांबड्या मोटारीत पुढे बसल्या. जॅनिस मागे ऑर्गनाचे बाक मांडीवर घेऊन बसली. जपानी मोटार पुढे निघाली. मायस्ट्रो मागाहून, दोरी तुटेल या धास्तीने, जनाजा चालावा तैशी चालली.

पेटीपाशी येताच रॉयरावांनी मोटारीचा वेग आवरिला.

"थांबलास का रे?" बाईंनी विचारिले.

"आई, विल्फ म्हणाले होते ना, इथंच..."

"पेटीपाशी उतरायला मी काय पत्र आहे? माझा खुबा दुखतोय, बाहेर धो धो लागलाय. सरळ घरी घे. अंगणात घे."

"ते मला मारतील."

"त्याचं मी बघते. त्या घराचा निम्मा हप्ता मी शाळेत बटाटे सोलून भरलाय. माझ्या निम्म्यावर लाव."

रॉयरावांनी एकवार आरशात मागे पाहिले. तरी चाक वळविले, आणि तांबडी मोटार प्रथमच काउलीच्या अंगणात शिरली. ती निम्म्यावर काय मावणार? सगळेच अंगण तिने व्यापिले.

थोडक्याच अवकाशे मायस्ट्रो येऊन ठेपली. पुढे पाहतात तो अंगणात शत्रू. शेजारी बारसे, सबब रस्त्याचे दोन्ही कडांस पाहुण्यांच्या मोटारींची तटबंदी. रॉयराव किल्ली घेऊन धावले, परंतु बेरिलबाई उंबऱ्यातून गरजल्या, "हलवलीस तर याद राख, पुडिंग मिळायचं नाही!" विल्फरावांनी ना कर्णा वाजविला, ना शब्द काढिला. गाडी काढ म्हणावे तर ती तेथे आहे ऐसे कबूल केल्यासारखे होते. त्यांनी अंगणाकडे पाहिलेच नाही. नाक पुढे करून तैसेच गेले, आणि कोपऱ्यापलीकडे पेटीपाशी मायस्ट्रो उभी केली.

रॉयराव मागे धावत गेले. दोघांनी दोरी सोडिली, ऑर्गनावर ताडपत्री घातली आणि उचलिला. विल्फराव आघाडीस, रॉयराव पिछाडीस. दर दुसऱ्या कुंपणाशी ऑर्गन टेकावा, दम घ्यावा, पुन्हा उचलावा. पाणी मानेवरून शिरून पायमोज्यांत उतरे. एके कुंपणाशी थांबले असता विल्फराव धापा टाकीत म्हणाले,

"दर रविवारी असाच येतोस?"

"ऑर्गन नसतो एवढंच."

विल्फरावांस हसू आले ते त्यांनी खोकल्यात दडविले. मग रॉयरावांनी, सासऱ्याचे तोंड पलीकडे होते म्हणून की काय, इतके दिवस पोटात ठेविलेले बाहेर काढिले.

"विल्फ, मला मायस्ट्रोच घ्यायची होती. तुम्हाला म्हटलं होतं, माझ्याबरोबर दुकानात चला, मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्ही म्हणालात, त्यात बघायचं काय? मी एकटाच गेलो. तिथं कुणी विचारलंसुद्धा नाही काय हवंय. शेजारच्या जपानी गाड्यांच्या दुकानात बसा म्हणाले, चहा दिला."

"चहा?"

"बिस्किटंही."

विल्फराव पावसात उभे राहिले. ताडपत्रीचे टोक उगाच सारखे केले. अखेरीस म्हणाले, "डार्ट्सचा सामना होता त्या दिवशी. यायला हवं होतं मी." आणि लगेच, आवाज चढवून, "उचल आता! भिजवतोस काय बाईचा ऑर्गन?"

मग ऑर्गन पुढील खोलीत स्थापन जाहला. बेरिलबाईंनी पदरचा रुमाल घेऊन एकेक पट्टी पुसली, वीज जोडिली, रुंब्याची कळ दाबिली आणि वाजवू लागल्या. बोटे चुकत होती, ताल थांबत नव्हता, बाई मागून धावत होत्या आणि हसत होत्या. जॅनिस म्हणाली, "आईला असं मी कधी बघितलंच नाही." रॉयराव टॉवेलाने डोके पुसीत होते. त्यांस दिसले की विल्फराव घरात नाहीत.

बाहेर येऊन पाहतात तो पाऊस थांबलेला, आणि विल्फराव तांबड्या मोटारीपाशी एकटेच. त्यांनी मोटारीचे दार उघडिले, लाविले. पुन्हा उघडिले आणि कान देऊन लाविले. फटीवरून अंगठा वरून खालपर्यंत फिरविला. रॉयराव उंबऱ्यावर टॉवेल धरून उभे.

"चांगलं बसवलंय," विल्फराव पाठ न वळविता म्हणाले. "कोण असेल तो, घाई नाही केलेली त्यानं."

"माझं काय, मी आता काढतो गाडी..."

"राहू दे. खुबा दुखतो तिचा." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी यायच्या आधी मला फोन कर. माझी बाहेर काढून ठेवीन. आणि रॉय, हिला विकशील तेव्हा..."

"तेव्हा तुम्ही बरोबर या."

"येईन," विल्फराव म्हणाले. "पण चहा घेणार नाही हां त्यांचा."

येणेप्रमाणे काउलीचे अंगण, जे वर्षभर परक्या चाकांस बंद होते, ते एक गोळी न उडता, बेरिलबाईंचे खुब्याचे पराक्रमे सर जाहले. जखमी कोणी नाही. सर्दी उभयपक्षी दोघांस. ऑर्गनाचा रुंबा शेजारच्या बारशापर्यंत गेला, तेथील पाहुण्यांनी खिडक्या लाविल्या, ही त्या विजयाची तोफांची सलामी समजावी. ते रात्री सासऱ्याने जामाताचे ताटात आपले हाताने दुसरे पुडिंग वाढिले आणि जामाताने ते पोट तुडुंब असताही खाल्ले. मोहीम फत्ते जाहली. हे वर्तमान खरे जाणावे.