बारा स्प्रिंगांना हळदकुंकू

विचारायचं नाही, असं मी ठरवलं. झालं एवढंच. पुढचं सगळं त्या ठरवण्यातून निघालं, आणि अजूनही राणीसावरगावात मी दळण घेऊन निघाले की कुणीतरी तोंडाला पदर लावतंच.

माझी अडचण अशी, की मी बी.एस्सी. आहे, तीही फिजिक्स घेऊन. लग्नाला चार महिने झालेत. सासूबाईंनी (त्यांना मी आत्याबाई म्हणते) गावभर सांगून ठेवलंय, "आमच्या निकिताला समदं कळतंय." त्यामुळे जे कळत नाही, ते मला कुणाला कळू द्यायची चोरी.

आमचा एक ट्रक आहे. उसाच्या दिवसांत तो कारखान्याला ऊस वाहतो. आमचे हे, म्हणजे महारुद्र, तो चालवतात आणि मामा, म्हणजे सासरे, त्याची काळजी करतात. ह्या हंगामात त्याचं इंजिन खडखडायला लागलं. मुंजाजी मिस्त्रींनी कान लावून सांगितलं, कॅमशाफ्ट घासलाय आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसल्यात. दोन्ही नवं टाकावं लागंल. इंजिन आमच्या अंगणातच उघडलं. (कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला लांब लोखंडी दांडा. तो फिरला की व्हॉल्व्ह उघडतात, आणि स्प्रिंगा त्यांना परत मिटवतात. हे मला आता पाठ आहे. आता काय उपयोग?)

नवं सामान यायला आठ दिवस गेले. ते आलं त्या दिवशी घाई अशी, की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ट्रक सोनपेठ रस्त्यावरच्या उसाच्या फडात उभा पाहिजे. नाही आला तर तोडणीची टोळी दुसऱ्या ट्रकवाल्याला धरणार, आणि आमचा सगळा हंगाम पाण्यात. मामा त्या दिवशी सकाळपासून टोळीच्या मुकादमाची समजूत काढायला फडातच जाऊन बसले होते. ह्यांनी आठ दिवसांत एक भाकरी पुरती खाल्ली नव्हती.

मिस्त्रींनी अंगणात दोन गोणपाटं अंथरली. एकावर एक दांडा आणि बारा स्प्रिंगा, दुसऱ्यावरही एक दांडा आणि बारा स्प्रिंगा. मग इंजिनाच्या झाकणाखाली बसतं ते हेडचं पॅकिंग आणायला ह्यांना घेऊन ते गंगाखेडला गेले.

आत्याबाई चुलीपुढून ओरडल्या, "निकिता, नव्या सामानाला हळदकुंकू लाव गं. आन् जुनं भंगारवाल्याला दिऊन टाक. घासल्यालं लोखंड दारात नको."

मी गोणपाटांपुढे उभी राहिले. एकावरचं सामान आरशासारखं लख्ख. दुसऱ्यावरचं तपकिरी चिकट ग्रीसने बरबटलेलं, वर तेलकट कागद. ह्यातलं नवं कुठलं, असं आत्याबाईंना विचारावं का? पण फिजिक्सवाल्या सुनेने नवं-जुनं विचारायचं म्हणजे! डोळे दिलेत की देवाने.

लख्ख दांड्याला मी पाच बोटं हळद लावली. बाराही स्प्रिंगांना एकेक करून कुंकू. उदबत्ती लावली, नारळ फोडला. शेजारच्या सुलाबाई आल्या, त्या दांड्याच्या पाया पडल्या आणि नातवाच्या दहावीचं गाऱ्हाणं घालून गेल्या. मी फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'नवा कॅमशाफ्ट, नवी सुरुवात'.

तेवढ्यात मागून कर्ण्यावर "एएए भंगाऽऽर!" झालं आणि माझ्या हातातलं ताट पडलं. (मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. रोजच्या.) भंगारवाल्याने टेम्पो थांबवला, ग्रीसवाला दांडा उचलला, बोटाने पुसून पाहिला.

"ताई, हे नक्की द्यायचं का?"

"हो."

"इचार करा, ताई."

"न्या हो लवकर! दारात ठेवायचं नसतं."

त्याने मला एक निळा प्लास्टिकचा टप दिला. आत्याबाईंनी टप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "शिकल्याली सून म्हणून येवढा मोठा भेटला."

अर्ध्या तासाने ह्यांचा फोन आला.

"स्टेटस कुणी टाकलंय?"

"मी. चांगला आलाय ना फोटो?"

"निकिता, तू पूजा कुणाची केलीस?"

"नव्या कॅमशाफ्टची."

मग मुंजाजी मिस्त्रींचा लांबून आवाज, "त्यांला म्हणा, ते जुनं हाय! मालकाला घासल्यालं दिसावं म्हणून म्याच डिझेलात धुतलं. नव्याला गंज लागू नये म्हणून ग्रीस असतंय!"

"ऐकलंस?" हे म्हणाले. "आता ते ग्रीसवालं उचलून घरात ठेव."

मी रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं.

"निकिता? कुठंय ते?"

"टेम्पोत," मी म्हणाले.

फोन मी ठेवला की हातातून पडला, आठवत नाही. टप स्कूटीवर पायापाशी ठेवला आणि टेम्पो गेला त्या सोनपेठच्या रस्त्याला लागले. दर दोन मैलांवर थांबून विचारायचं, "भंगारवाला गेला का?" एक आजी म्हणाल्या, "काय इकायचंय गं?" मनात म्हटलं, मलाच.

टेम्पो एका चहाच्या हॉटेलपुढे उभा होता. बाकड्यावर भंगारवाला पाच-सहा जणांना काहीतरी रंगवून सांगत होता. मला पाहताच सगळे गप्प झाले. म्हणजे काय सांगत होता, ते विचारायलाच नको.

"दादा, ते मघाचं..."

"बाजूला काढून ठिवलंय, ताई. म्हनलं, येतीलच. ग्रीस तर पार ताजं व्हतं."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"दोनदा इचारलं की. तुमी शिकल्याली मानसं. म्हनलं, ह्यांच्यात नवं इकून जुनं पूजायची रीत असंल."

मी टप पुढे केला. त्याने हात जोडले. "राहू द्या, ताई. आमाला हसायला लय भेटलं."

पाच-सहा जणांच्या देखत तो बरबटलेला दांडा मी ओढणीत गुंडाळून स्कूटीवर ठेवला. स्प्रिंगा टपात.

घरी मुंजाजी मिस्त्री हळदकुंकवाच्या दांड्यापुढे उकिडवे बसले होते. त्यांनी आधी त्याला नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "गाऱ्हाणं आता नव्याला परत घालू का गं? का ह्योच पुढं सांगंल?"

दिवेलागणीनंतर दोन तासांनी इंजिन चालू झालं. खडखड नाही, काही नाही; नुसतं भरल्या पोटाचं घुरघुरणं. ह्यांनी त्या रात्री तीन भाकरी खाल्ल्या. मधूनच ठसका लागल्यासारखे हसत होते. मामा फडातून आले, त्यांनाही सगळं कळलं होतं. मी रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले.

पहाटे ट्रक निघायची वेळ झाली. रस्त्यावर आमचा आणि शेजारच्या किशनरावांचा, असे दोन्ही ट्रक फडाला निघायला उभे. आत्याबाईंनी माझ्याच हातात ओवाळायचं ताट दिलं. "झालं ते झालं. तूच ओवाळ," म्हणाल्या. खाली मान घालून मी पुढे झाले आणि समोरच्या ट्रकपुढे ताट धरलं.

मागून मामांचं हळूच खाकरणं ऐकू आलं. माझा अपमान होऊ नये म्हणून अगदी कानाशी येऊन ते म्हणाले, "पोरी, आपला हा."

सांगायला लाज वाटते, पण त्यांनी सांगितलं ते बरं झालं.