हिरव्या वासाची बाटली

बायकोची, सुंदराची, एक इच्छा आपल्याला ठाऊकच नव्हती, हे कोंडाजीला तिच्या दहाव्याला, नदीवर, सगळ्या भावकीसमोर कळलं.

पिंडाला कावळा शिवेना. कोंडाजीने लेकीचं, सुरभीचं, लग्न थाटात करीन म्हणून सांगितलं, गाय विकणार नाही म्हणाला, सुंदराच्या माहेरच्या देवीला साडी कबूल केली. कावळे झाडावरून बघत राहिले. शेवटी सुंदरा ज्या फार्महाऊसवर भांडी घासायची, तिथला स्वयंपाकी हरेश पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "वैनी, ती पांढरी वाईन तुमच्या घरी येईल."

कावळा लगेच खाली उतरला.

भावकी खाली मान घालून हसली. कोंडाजीला त्या कावळ्याचाही राग आला. संसार त्याचा, आणि ऐकलं कुणाचं, तर हरेशचं.

हरेशला काही विचारायचं नाही, या हट्टाने तो एकटाच कर्जतच्या वाईन शॉपमध्ये गेला. दुकानदार म्हणाला, पांढरीत दोन खपतात. चेनिन ब्लाँ गोडसर, सोव्हिन्यों ब्लाँ आंबटसर, हिरव्या वासाची. सुंदरा चहात ढीगभर साखर घालायची. कोंडाजीने गोडसर आणून तिच्या फोटोपुढे ठेवली.

"बाबा, ही नाय," सुरभी लेबल वाचून म्हणाली. "आयची ती हिरव्या वासाची."

"तुला कुणी सांगितलं?"

"आयनंच."

म्हणजे लेकीलाही माहीत होतं. कोंडाजी पुन्हा कर्जतला गेला. या बाटलीला घट्ट बूच निघालं. विळ्याच्या टोकाने काढायला गेला, तर विळ्याचं टोक मोडलं. मग नाइलाजाने हरेशकडे जावं लागलं.

हरेशने बूच काढायचा स्क्रू दिला. कोंडाजी उठेना.

"तुला बरी सांगायची रं सगळं."

"एकदाच बोलली, दादा. पाव्हण्यांच्या बाटलीत घोटभर उरलेली, मी दिली. नुसती हुंगत बसली. म्हनली, हे गवताचा भारा घेऊन येतात ना, तवा अंगाला असाच वास येतो."

कोंडाजीने स्क्रू सदऱ्याच्या खिशात टाकला. मग म्हणाला, "प्याली का?"

"प्याली ना. तोंड वाकडं केलं. म्हनली, वासच बरा. ह्यांना एकदा हुंगायला द्यायची हाय. मंग आजारीच पडली."

स्क्रू कोंडाजीच्या सदऱ्याच्या खिशात आहे. बाटली फोटोपुढे आहे. ती उघडायची अजून राहिली आहे.