गोळी लागू पडली

मुद्रितशोधकांना भर दिवसा झोप लागायची. आळशीपणाने नव्हे, आजाराने. पण छापखान्याच्या मालकांना हा फरक पटत नव्हता. मागच्या आठवड्यात मुद्रितशोधक व्याकरणाच्या ओल्या पानावर गाल टेकून झोपले आणि अख्खं संधिप्रकरण गालावर उमटलं. मालक कडाडले, "मंगळवारी चार वाजता माझ्यासमोर तासभर जागं राहून दाखवा. नाहीतर कायमचे झोपा घरी."

डॉक्टरांनी नवी गोळी दिली. म्हणाले, "या आजारात दिवसा हात-पाय गरम होतात आणि माणूस पेंगतो. ते गार राहिले, की समजा गोळी लागू पडली."

मंगळवारी सकाळपासून बायको दर अर्ध्या तासाने नवऱ्याचे हात चाचपत होती. दुपारी ते चांगले गार लागले. नवरा घराबाहेर पडताच तिने आनंदाने छापखान्यात फोन लावला. तिथे यंत्रांच्या खडखडाटात तो टायपिस्टबाईंनी उचलला.

"बाई, यांना गोळी लागू पडली हो. हात-पाय अगदी गार पडलेत."

"गोळी लागली? कुणाची?"

"डॉक्टरांची."

"डॉक्टरांची? अगंबाई. आणि डोळे?"

"सताड उघडे. आत्ताच गेले. मालकांना तेवढं सांगा हं."

मालकांनी ते ऐकलं. "मीच म्हणालो होतो, कायमचे झोपा म्हणून," असं पुटपुटत त्यांनी नाक शिंकरलं. त्यांना खरंच फार वाईट वाटलं. लगेच शोकसभा ठरली. बाईंनी निवेदन टाइप केलं. ते तपासायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनाच गहिवरून आलं. यंत्रं थांबली, आवाज नको म्हणून पंखेही थांबले आणि दोन मिनिटांचं मौन सुरू झालं.

चार वाजता मुद्रितशोधक आत आले, तर सगळा छापखाना उकाड्यात माना खाली घालून पेंगलेला. मालक हलकेच घोरत होते. परीक्षा नक्की कुणाची आहे, हे त्यांना कळेना. टेबलावर पानभर निवेदन होतं. वर मथळा: 'आमचे सदैव जागरुक मुद्रितशोधक यांचे दुखद निधन.'

छापखान्यात मुद्रितशोधक एकच होता. त्यांनी घाबरून स्वतःचे हात चाचपले. गारठण. पण गार म्हणजे बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. मग हे काय? काहीच उलगडेना. मौन मोडायची तर सोय नव्हती. शेवटी त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि शिरस्त्याप्रमाणे मजकूर तीनदा वाचला.

पाचाला कागद ठेवताना मालकांचा हात त्यांना ओझरता लागला. चांगलाच गरम होता. "मालक, अशाने झोप येणारच," ते हळूच म्हणाले.

मालकांनी डोळे उघडले. "तुम्ही गेला नाहीत?"

"कागदावर गेलोय. बाकी कळत नाही."

मालकांनी त्यांचा गार हात धरला, दचकून सोडला, पुन्हा धरला. मग मालकपणा आठवून घसा खाकरला. "आहात ते बरंच झालं. पण तासभर जागे होता, याचं काही प्रूफ?"

मुद्रितशोधकांनी कागद पुढे सरकवला. 'जागरुक'चा रु दीर्घ केला होता, 'दुखद'ला विसर्ग दिला होता. मजकुराला मात्र हात लावला नव्हता. ते त्यांचं काम नव्हे.

मालकांनी डोळे पुसत तो नीट वाचला. "उद्या वेळेवर या," ते म्हणाले आणि सवयीने खाली शेरा ठोकला: 'छापण्यास हरकत नाही.'